‘पहिल्यासारखे पिच्चर राहिले नाहीत’ : मतापासून संशोधनप्रश्नापर्यंत

पेट सुटली, मुलाखत जवळ आली की प्रत्येकाला एकच धास्ती असते: विषय काय घेऊ? मग ज्यात आपल्याला रस आहे, ज्यावर आपण तासन्‌तास बोलू शकतो, तोच विषय आपण उचलतो. त्यात वाईट काहीच नाही. अडचण एवढीच, की ज्या विषयावर आपण तासन्‌तास बोलतो त्यावर आपलं मत आधीच पक्कं झालेलं असतं. पक्कं मत घेऊन संशोधनाला बसणं म्हणजे निकाल लिहून ठेवायचा आणि मग साक्षीदार बोलवायचे.

माझं तसंच झालं होतं. मी किल्लारीची. माझा विषय आहे लातूर जिल्ह्यातल्या गावांमधलं सिनेमा बघणं. पहिल्यांदा गाइडकडे गेले तेव्हा कागदावर लिहिलं होतं: ‘जुन्या व नव्या चित्रपटांच्या दर्जाचा तुलनात्मक अभ्यास’. त्यांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, “जुने म्हणजे कुठले? तुम्ही पाहिलेत ते, की तेव्हा निघाले ते?” मला वाटलं, दोन्ही एकच की! ते एकच नाही हे नीट कळायला मला सहा महिने लागले. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

हॉटेलातलं वाक्य

आमच्याकडे हॉटेलात चहा पिताना सिनेमाचा विषय निघाला की हमखास एक वाक्य येतं: “पहिल्यासारखे पिच्चर राह्यले नाहीत आता.” लगेच पुरावेही येतात. ‘पिंजरा’, ‘शोले’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘माहेरची साडी’. शेजारी कॉलेजचं एखादं पोरगं बसलेलं असेल तर ते भर घालतं, “मराठीचं सोडा, हॉलिवूडचंबी तेच झालंय. निस्ते पार्ट टू, पार्ट थ्री. हॉलिवूड संपलं.” सगळे माना डोलावतात आणि विषय उसाच्या बिलावर जातो.

हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ते अजून खरं-खोटं ठरवता येईल अशा अवस्थेतच नाही, असं माझं म्हणणं आहे. त्यात तीन शब्द मोकाट सुटलेत. ‘पहिले’ म्हणजे कुठल्या सालचे? ‘पिच्चर’ म्हणजे निघालेले सगळे, की लक्षात राहिलेले? आणि ‘राहिले नाहीत’ हे कशावरून मोजलं: तिकिटं, पैसा, आठवडे, पुरस्कार, की आपल्याला किती रडू आलं त्यावरून? हे तीन शब्द बांधले की मताचा प्रश्न होतो. बांधले नाहीत तर तीनशे पानं लिहूनसुद्धा ते हॉटेलातलंच वाक्य राहतं.

एकेक घेऊ.

उभी राहिलेली घरं आणि पडलेली घरं

संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ नावाची एक चूक शिकवतात. टिकून उरलेल्या गोष्टींकडे पाहून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढायचा, ही ती चूक. पुस्तकात बहुधा युद्धातल्या विमानांचं उदाहरण असतं. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही.

औशाचा किल्ला पाहायला आलेला माणूस काय म्हणतो? “जुनं बांधकाम बघा, कसं दणकट! आताच्या बिल्डिंगा वीस वर्षांत गळतात.” नळदुर्गला गेला की पुन्हा तेच. आता हाच माणूस औशाहून किल्लारीला येऊ द्या. इथं कुणीही म्हणणार नाही की जुनं बांधकाम दणकट होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजायच्या जरा आधी भूकंप झाला. आमची जुनी घरं माळवदाची होती. ओबडधोबड दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, दिसायला भरभक्कम. त्या भिंती आणि ते माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली. उलट, ज्यांना वाडा बांधणं परवडलं नव्हतं अशा कितीतरी लोकांच्या कुडाच्या, गवताच्या हलक्या घरांनी माणसं वाचवली.

औशाचा किल्लाही जुना, किल्लारीचं माळवदही जुनं. मग एकाच जिल्ह्यात जुन्या बांधकामाबद्दल दोन उलटी मतं कशी? कारण औशात आपण फक्त जे उभं राहिलं ते पाहतो. त्या काळातली बाकीची घरं कधीच मातीत गेली, त्यांची कुणी नोंद ठेवली नाही. किल्लारीत मात्र पडलेलं घर न्‌ घर मोजलं गेलं. अभियंते आले, पंचनामे झाले, कुठली भिंत कशी पडली याचे अहवाल झाले. पडलेल्याची मोजणी झाली की ‘जुनं ते सोनं’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

आता सिनेमाकडे या. ‘पिंजरा’ हा औशाचा किल्ला आहे. त्या साली लागून आठवड्यात उतरलेले, नंतर कुणी नावही न काढलेले सिनेमे ही पडलेली माळवदं आहेत. आपण १९७२ सालचा किल्ला यंदाच्या सगळ्या घरांशी ताडून पाहतो. त्यात यंदाची पडणारी घरंही आली, कारण ती अजून आपल्या डोळ्यांसमोर आहेत. ही तुलना कुणीही केली तरी जुनंच जिंकणार. त्यासाठी जुनं खरंच चांगलं असायची गरज नाही.

सिनेमे किती गेले?

सिनेमाच्या बाबतीत पडझड आपल्याला वाटते त्याहून फार मोठी आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. त्याच्या सगळ्या रिळा आज नाहीत. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले आणि त्यातले अगदी थोडे उरले. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते १९६४ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्धशतकाने. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने तिथं गावोगाव फिरून रिळा गोळा केल्या म्हणून जे आहे ते तरी आहे. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी. २००३ मध्ये पुण्यातल्या अशाच साठ्याला आग लागली आणि जपून ठेवलेलं बरंच जळून गेलं.

श्रीमंत अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये एक अहवाल काढला. १९१२ ते १९२९ या काळातल्या सुमारे ११ हजार मूक कथापटांचा त्यात हिशेब आहे. त्यातले मूळ स्वरूपात संपूर्ण शिल्लक असलेले फक्त १४ टक्के आणि साधारण ७० टक्के पूर्णपणे नाहीसे. ‘मूकपटांच्या काळातलं हॉलिवूड काय होतं!’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा: कुठलं? त्यातलं बहुतेक तर कुणालाच बघता येत नाही.

इथं किल्लारीचा आणखी एक धडा आहे. १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. या भागात मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, म्हणून भाग सुरक्षित. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात छोटे धक्के बसले, लोक घाबरून बाहेर झोपले, पण नकाशा तोच राहिला. नोंद नाही याचा अर्थ घडलं नाही असा होत नाही. कधीकधी एवढाच होतो की नोंद ठेवायला कुणी नव्हतं, किंवा नोंदीचा काळ फार थोडा होता. पुढे नकाशे बदलले, किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात आली. तुमच्या विषयात जिथं जिथं ‘याबाबत माहिती आढळत नाही’ असं लिहावं लागेल, तिथं थांबा आणि ही गोष्ट आठवा.

‘अजरामर’ कसं घडतं

तुम्ही म्हणाल, पण चांगला होता म्हणूनच टिकला ना? काही वेळा हो. ‘संत तुकाराम’ १९३६ चा आहे आणि आजही कुणालाही दाखवा, माणूस उठत नाही. पण टिकण्याची कारणं दरवेळी दर्जाची नसतात.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा अमेरिकेतला नाताळचा सगळ्यात लाडका जुना सिनेमा. १९४६ मध्ये लागला तेव्हा त्याने घातलेला पैसाही नीट काढला नाही. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. मग टीव्ही चॅनेलवाल्यांना तो जवळपास फुकटात मिळू लागला आणि दर नाताळात सगळीकडे तोच. दोन पिढ्या तो पाहत मोठ्या झाल्या आणि ‘अजरामर’ म्हणू लागल्या.

आता आपल्याकडे बघा. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. तो भारी आहेच, मला तोंडपाठ आहे. पण तो मला पाठ आहे तो टीव्हीमुळे. थिएटरात मी तो कधीच पाहिलेला नाही, माझा जन्मही तेव्हा नव्हता. त्याच वर्षी निघालेले बाकीचे मराठी सिनेमे मला सांगा बरं? मलाही यादी काढेपर्यंत सांगता येत नव्हते. म्हणजे माझ्या डोक्यातलं ‘ऐंशीचं दशक’ हे चॅनेलवाल्यांनी निवडून दिलेल्या पाच-सहा सिनेमांचं दशक आहे. हे नमुन्यातलं दुसरं गाळप. पहिलं गाळप आगीचं आणि वाळवीचं, दुसरं टीव्हीचं. आता तिसरं मोबाइलमधल्या रील्सचं चालू झालंय. एखादा सीन फिरायला लागला की अख्खा सिनेमा ‘क्लासिक’ ठरतो.

‘हॉलिवूड संपलं’ : माप बदललं की उत्तर बदलतं

आता दुसऱ्या वाक्याकडे. हॉलिवूड बुडतंय का? याचा हिशेब मांडून दाखवते, कारण आपल्या विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त घसरगुंडी इथं होते.

माप पहिलं, गल्ला. अमेरिका आणि कॅनडा मिळून थिएटरांचा गल्ला २००२ मध्ये सुमारे ९०० कोटी डॉलर होता. २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधीच्या शेवटच्या वर्षी, तो ११०० कोटींच्या वर होता. निष्कर्ष: धंदा वाढला.

माप दुसरं, महागाई वजा करून गल्ला. २००२ चा डॉलर आणि २०१९ चा डॉलर एक नाही. तिथल्या महागाईने हिशेब केला तर २००२ चे ९०० कोटी हे २०१९ च्या पैशात सुमारे १३०० कोटी होतात. निष्कर्ष: धंदा घटला.

माप तिसरं, तिकिटं. २००२ मध्ये साधारण १५७ कोटी तिकिटं विकली गेली, २०१९ मध्ये सव्वाशे कोटींच्या आत. दरम्यान लोकसंख्या वाढलेली. डोक्यामागे वर्षाला पाचेक तिकिटं होती ती साडेतीनच्याही खाली आली. निष्कर्ष: लोकांची सवयच सुटत चालली, आणि ती कोरोनाच्या आधीपासून.

तिन्ही मापं एकाच धंद्याची. कुठलंच खोटं नाही. पण तुम्ही पहिलं एकटं वापरलं तर ‘भरभराट’ लिहाल आणि तिसरं एकटं वापरलं तर ‘ऱ्हास’. वृत्तपत्रातले ‘सर्वाधिक कमाईचा विक्रम’ बहुतेक पहिल्या मापाचे असतात. तिकिटाचा दर वाढत राहिला की विक्रम मोडणं आपोआप होत राहतं.

मग २०२० ची टाळेबंदी, २०२३ मध्ये लेखक आणि नट दोघांचेही संप. त्याच २०२३ च्या जुलैत ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ एकाच दिवशी लागले आणि थिएटरं भरली. तरी त्या वर्षाचा एकूण गल्ला ९०० कोटी डॉलरच्याच आसपास राहिला. म्हणजे आकड्यात २००२ इतका आणि किमतीत त्याहून फार कमी.

माझं मत विचाराल तर (मत आहे, निष्कर्ष नाही, हा फरक वहीत लाल पेनने लिहा): हॉलिवूड संपलेलं नाही, त्याचा मधला भाग संपत आलाय. प्रचंड खर्चाचा पार्ट फाइव्ह निघतो, अगदी छोटा सिनेमाही निघतो. साधारण बजेटचा, साध्या माणसांची गोष्ट सांगणारा, पूर्वी महिनाभर थिएटरात टिकणारा सिनेमा मात्र घरच्या पडद्यावर गेला. कॉलेजच्या पोराला ‘निस्ते पार्ट टू’ दिसतात ते म्हणूनच. लातूरच्या पडद्यापर्यंत तेच पोचतात. त्याच्या नमुन्यात दुसरं काही येतच नाही.

१३१ आठवडे विरुद्ध १०० कोटी

मराठीतही मापाचा हाच घोळ. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये लागला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि १०० कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. कुठला मोठा?

हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण मोजपट्टी बदलली. पूर्वी सिनेमाच्या प्रती थोड्या असत. सिनेमा आधी शहरात, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत पोचायचा. एकाच टॉकीजला लोक वर्षभर येत राहायचे, त्यामुळे आठवडे हे खरं माप होतं. आता शेकडो पडद्यांवर एकदम लागतो आणि ज्यांना पाहायचा ते पहिल्या तीन आठवड्यांत पाहून मोकळे होतात. पंचवीस आठवडे आता कुठलाच सिनेमा चालत नाही याचा अर्थ आताचा कुठलाच सिनेमा लोकांना तेवढा आवडत नाही, असा काढता येत नाही.

दर्जाचं म्हणाल तर माझं मत हॉटेलातल्या मताच्या उलट आहे. ‘श्यामची आई’ला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णपदक मिळालं, तो काळ १९५४ चा. त्यानंतर तो मान मराठीकडे परत यायला ‘श्वास’ची, म्हणजे २००४ ची वाट पाहावी लागली. आणि मग दहा-बारा वर्षांतच ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. पुरस्कार हे एक अपुरं माप आहे, पण जुन्याच्या बाजूने पुरावा मागाल तर या मापावर तरी तो मिळत नाही.

मग काहीच हरवलं नाही का? हरवलं. आमच्या गावच्या माणसाचा पडदा हरवला. तंबू गेला, व्हिडिओ गेला, तालुक्याच्या टॉकीजही बंद पडत गेल्या. आता थिएटरात सिनेमा पाहायचा तर लातूरची एसटी धरायची आणि तिकीट, पॉपकॉर्न, प्रवास मिळून एका माणसाचा दिवसाचा रोजगार घालवायचा. “पहिल्यासारखे पिच्चर राह्यले नाहीत” म्हणणारा माणूस कदाचित सिनेमाबद्दल बोलतच नसेल. पिच्चरला चारशे लोकांबरोबर बसणं राहिलं नाही, असं त्याला म्हणायचं असेल. हे मला सापडलं ते प्रश्न बदलल्यावर. ‘जुने चांगले की नवे?’ असं विचारत होते तोवर सगळे ‘जुने’ म्हणत होते. ‘शेवटचा सिनेमा थिएटरात कधी, कुणाबरोबर पाहिला?’ असं विचारलं तेव्हा लोक बोलायला लागले.

आणि हो, हॉटेलात फक्त पुरुष बसतात. माझ्या पहिल्या वहीतला ‘गावाचा आवडता जुना सिनेमा’ हा पुरुषांचा आवडता सिनेमा होता. बायकांकडे घरी जाऊन बसले तेव्हा यादीच बदलली. ‘जय संतोषी माँ’ आणि ‘माहेरची साडी’ वर आले, ‘शोले’ खाली गेला. एका मावशींनी सांगितलं, “आमाला कोन नेतंय पिच्चरला? देवाचा आसला की सासू हो म्हनायची.” सिनेमा किती चांगला होता यापेक्षा कुणाला जायची परवानगी होती, यावर आठवण ठरते.

आठवणीचं काय करायचं

शेवटचा मुद्दा, आणि तो जपून सांगायचा आहे. मौखिक मुलाखती घेणाऱ्या प्रत्येकाला हा कधी ना कधी भेटणार.

मानसशास्त्रात असं दिसून आलंय की माणसाला उतारवयात साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त आठवतात. म्हणून प्रत्येक पिढीचा ‘सिनेमाचा सुवर्णकाळ’ तिच्या विशीत येतो. आमच्या गावात यावर आणखी एक रेघ आहे. इथं लोक साल सांगत नाहीत. ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असं सांगतात. लग्न, शेत, सिनेमा, सगळं या रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे.

एका काकांनी मला सांगितलं, त्यांनी लातूरच्या टॉकीजमध्ये ‘ज्युरासिक पार्क’ पाहिला, धाकट्या भावाबरोबर, भूकंपाच्या आधी. डायनासोर आला तेव्हा भाऊ त्यांचा हात कसा धरून बसला होता, हिंदीतला कुठला डायलॉग दोघं वाटभर म्हणत आले, सगळं बारीकसारीक सांगितलं. भाऊ ३० सप्टेंबरला गेला.

घरी येऊन वही पक्की करताना मी तारखा लावल्या. ‘ज्युरासिक पार्क’ अमेरिकेत जून १९९३ मध्ये लागला. हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला तो १९९४ मध्ये. काकांनी तो भावाबरोबर पाहिलेला असणं शक्य नाही.

आता काय करायचं? माझी पहिली प्रतिक्रिया, मुलाखत बाद. चुकीची माहिती. दुसरी प्रतिक्रिया त्याहून वाईट होती: जाऊन त्यांना सांगू या. मी गेले नाही, हे मी त्या सहा महिन्यांत केलेलं सगळ्यात बरं काम.

प्रबंधात मी दोन्ही लिहिलंय. सिनेमा कधी आला याचा पुरावा म्हणून ही मुलाखत वापरता येत नाही, तिथं छापील नोंदच धरायची. पण थिएटरात जाणं लोकांच्या आयुष्यात काय होतं, याचा मला मिळालेला सगळ्यात भक्कम पुरावा हीच मुलाखत आहे. भाऊ गेल्यावर पाहिलेल्या सिनेमात काकांनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कदाचित दुसरा कुठला सिनेमा दोघांनी पाहिला असेल आणि दोन आठवणी एकात मिसळल्या असतील. “पहिल्यासारखे पिच्चर राह्यले नाहीत” हे वाक्य काकाही म्हणतात. त्यांच्या तोंडून ते ऐकताना मी आता वाद घालत नाही. ओळखीचं कुणी तसं बोललं की तपासायचं काय आणि नुसतं ऐकून घ्यायचं काय, हे ठरवता येणं हासुद्धा पद्धतीचाच भाग आहे.

तुमच्यासाठी काम

वाचून सोडून देऊ नका. हे करून बघा, विषय सिनेमाचा नसला तरी.

१. तुमच्या विषयातलं एक ठाम मत एका वाक्यात लिहा. त्यातला प्रत्येक मोकाट शब्द अधोरेखित करा.

२. पूर्ण यादी शोधा. सिनेमात ती मिळते, कारण थिएटरात लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय सिनेमाचा कोश ग्रंथालयात बसून पाहता येतो. नमुना यादीतून काढायचा, आठवणीतून नाही.

३. एकच वर्ष घ्या. त्या वर्षाचे गाजलेले पाच नको, चिठ्ठ्या टाकून निघालेले पाच घ्या. मग नव्यातलं एक वर्ष घेऊन तेच करा. आता तुलना करा.

४. जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींची पानं चाळा. ‘मराठवाडा’ दैनिकाचे जुने अंक जिथं जपलेत तिथं बसा. कुठला सिनेमा कुठल्या टॉकीजला किती आठवडे होता, हे बातमीपेक्षा जाहिरातीत जास्त खरं सापडतं.

५. किमान दोन मापं वापरा आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर आनंद माना. तुमचा प्रबंध बहुधा त्या फरकातच आहे.

६. कुणाला विचारलं नाही, त्याची यादी करा. कुठली बाई, कुठली वस्ती, कुठलं वय.

माझ्या पहिल्या कागदावरचं शीर्षक मी फाडून टाकलेलं नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. त्याखाली गाइडच्या अक्षरात तोच प्रश्न आहे: ‘पाहिलेले, की निघालेले?’ तुमच्या विषयाला हा प्रश्न लावून बघा. उत्तर पटकन सुचलं, तर पुन्हा एकदा विचारा.